आरशात कायम बारकंच दिसतं? बॉडीबिल्डिंग करणाऱ्या पुरुषांसाठी टप्प्याटप्प्याची पद्धत

दंड भरलेले, छाती रुंद, भेटणारा प्रत्येक जण ‘काय बॉडी केलीयस!’ म्हणतो, आणि स्वतःला मात्र आरशात काडीपैलवानच दिसतो. यात अडकलेले बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. एक : ‘अजून पाच किलो चढू देत, मग बरं वाटेल.’ दुसरी : वैतागून जिम, डाएट, सगळं एका दिवसात बंद. पहिल्या वाटेवर पाच किलो चढतात आणि हवंहवंसं वजन तेवढंच पुढे सरकतं. दुसऱ्या वाटेवर पंधरा दिवसांत जीव इतका घाबरा होतो की माणूस दुप्पट जोराने परत जुंपून घेतो.

उपयोगी पडते ती पद्धत जरा कंटाळवाणी आहे. शरीर तपासत राहण्याच्या सवयी ठरावीक क्रमाने, एकेक करून मोडायच्या. आधी नोंद, मग मोजमाप, मग आरसा, मग लपवाछपवी आणि त्यानंतरच व्यायाम-आहाराचे नियम. बरेच जण सुरुवातच आहारापासून करतात. तिथे भीती सर्वांत जास्त असते, म्हणून आठवडाभरात सगळं सोडून देतात. एकूण काम साधारण तीन महिन्यांचं धरा.

आधी थांबा : जीव द्यावासा वाटत असेल, खाल्लेलं मुद्दाम ओकून काढत असाल, चक्कर किंवा छातीत धडधड होत असेल, किंवा स्टेरॉइडची सायकल (काही आठवडे सलग घेतलेला कोर्स) चालू असेल वा नुकतीच संपली असेल, तर हे एकट्याने सुरू करू नका. आधी डॉक्टर गाठा. मरणाचे विचार येत असतील तर आजच. टप्पा ७ त्या दृष्टीनेच लिहिला आहे.

## टप्पा १ : हे आपल्याला लागू आहे का, ते ठरवा

भरपूर व्यायाम करणं हा आजार नाही. स्पर्धेची तयारी करणारा माणूस दिवसाला दोन वेळा जिमला जाईल, डबा मोजून भरेल, आणि तरी त्याचं डोकं शांत असेल. फरक कळतो तो ठरलेलं मोडलं की. एक दिवस जिम चुकली तर चुटपुट लागते, की दिवसभर ‘दंड उतरले’ असं वाटून कशातच लक्ष लागत नाही?

पुढच्यापैकी तीन-चार गोष्टी महिनोनमहिने चालू असतील तर लेख तुमच्यासाठी आहे :

- आपण पुरेसे पिळदार नाही, हा विचार रोज मिळून तासाभरापेक्षा जास्त डोक्यात असतो.
- उकाड्यातही दोन-तीन शर्ट एकावर एक घालता, किंवा उलट, पंप (व्यायामानंतर स्नायू तात्पुरते फुगणं) असेल तरच टी-शर्ट घालता.
- पोहणं, समुद्र, शर्ट काढावा लागेल असा कुठलाही प्रसंग टाळता.
- खांदा किंवा कंबर दुखत असताना, डॉक्टरने थांबायला सांगूनही वजन उचलता.
- जेवणाची वेळ किंवा वर्कआउट चुकेल म्हणून कामं, भेटी, नाती मागे टाकता.

याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. मानसोपचारातल्या डीएसएम-५ या वर्गीकरणात (२०१३) तो शरीरप्रतिमेच्या विकाराचा, म्हणजे बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरचा, एक प्रकार मानला आहे आणि तो विकार ओसीडीच्या (शंका मिटवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) शेजारी ठेवला आहे. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच बेतलेली आहे. कुलूप लावलंय की नाही हे विसाव्यांदा बघून शंका मिटत नाही, दंड विसाव्यांदा बघूनही मिटत नाही. अशी खात्री दहा मिनिटं टिकते आणि पुढच्या शंकेला बळ देऊन जाते.

निदान मात्र तज्ज्ञच करतात. वरची यादी फक्त सुरुवात करायची की नाही एवढं ठरवण्यासाठी आहे.

## टप्पा २ : सात दिवस नुसती नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. खिशात मावणारी वही किंवा फोनमधली नोट घ्या आणि प्रत्येक वेळी सात गोष्टी टिपा : वेळ, कशामुळे सुरू झालं, काय केलंत, किती मिनिटं गेली, आधी अस्वस्थता किती (० ते १०), लगेच नंतर किती, आणि एका तासाने किती. नोंद अशी दिसेल :

*सकाळी ७:१०. दात घासताना आरसा समोर. बनियन वर करून पोट पाहिलं, दोन्ही दंड आवळले, डावा लहान वाटला, परत आवळला. ६ मिनिटं. आधी ५, लगेच नंतर ३, तासाने ७.*

शेवटचा आकडाच महत्त्वाचा. तपासल्यावर लगेच बरं वाटतं, म्हणून सवय टिकते. तासाने आकडा पहिल्यापेक्षा वर गेलेला असतो, हे कागदावर दिसल्याशिवाय पटत नाही.

फक्त आरसा धरू नका. दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, बोटांनी मनगट किंवा दंड मापणं, जुने फोटो झूम करून बघणं, ‘मी बारीक झालोय का गं?’ असं घरी विचारणं, शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या खांद्यांशी तुलना करणं, हे सगळं तपासणीतच येतं.

नेहमीची चूक : रात्री बसून आठवून लिहिणं. सवयीने झालेली तपासणी आठवतच नाही आणि तीस वेळा झालेली गोष्ट पाच वेळा लिहिली जाते.

## टप्पा ३ : मोजमापाला शिस्त लावा

‘मोजूच नका’ हा सल्ला बॉडीबिल्डिंग करणाऱ्याला देऊन उपयोग नाही. मोजायचं, पण बदल खरोखर दिसू शकेल एवढ्या अंतराने. रोजच्या आकड्यात स्नायू दिसत नाही, पाणी दिसतं. शरीरात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. दोन दिवस भात-भाकरी कमी झाली किंवा मीठ जास्त पडलं तर काटा एक-दोन किलो सहज हलतो. त्यात एक ग्रॅमही स्नायू आलेला नसतो वा गेलेला नसतो.

वजन : आठवड्यातून तीनदा, सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापिण्याआधी. तीन आकड्यांची सरासरी काढा आणि फक्त सरासरीशी सरासरी ताडा. काट्यावरच्या आकड्यावर दिवसाचा मूड ठरत असेल तर सहा आठवडे काटा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्या.

टेप : चार आठवड्यांतून एकदा. व्यायामाआधी, स्नायू थंड असताना, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही इतकीच. दोनदा मोजून सरासरी घ्या. अर्ध्या सेंटिमीटरच्या आतला फरक ‘काही बदल नाही’ असाच लिहा, तेवढी चूक टेप धरण्यातच होते. सेटनंतर कधीही मोजू नका. पंप म्हणजे स्नायूत तात्पुरतं साठलेलं रक्त आणि पाणी. तो आकडा खरा धरला की पुढचे तेवीस तास आपण ‘उतरलेले’ राहतो.

फोटो : आठ आठवड्यांतून एकदा. तीच जागा, तोच उजेड, फोन छातीच्या उंचीवर निदान दोन मीटर दूर टेकवून, टायमर लावून. हातात जवळ धरलेला फोन जे जवळ आहे ते मोठं दाखवतो, आणि डोक्यावरचा दिवा सावल्या पाडून स्नायूंच्या रेषा (कट्स) उठवतो. जिममधला फोटो चांगला आणि बाथरूममधला वाईट, यामागे बहुतेक वेळा दिवाच असतो.

ताकद : ही मात्र प्रत्येक वर्कआउटला लिहा. किती किलो, किती रेप्स. सगळ्यांत कमी फसवणारी नोंद हीच.

नैसर्गिकरीत्या आपण कुठवर आलो आहोत, हे एकदाच पाहायचं असेल तर एफएफएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने चरबीविरहित वजन किती ते, काढा. वजनातून चरबी वजा करा आणि उरलेल्या किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १.७५ मीटर, वजन ८० किलो, चरबी १५ टक्के असेल तर चरबीविरहित वजन ६८ किलो, भागिले ३.०६, म्हणजे सुमारे २२.२. स्टेरॉइड न घेणाऱ्या खेळाडूंवरच्या १९९५ च्या एका अभ्यासात वरची सीमा साधारण २५ च्या आसपास आढळली. ही काही पोलादी भिंत नाही, थोडे लोक पुढे जातात. पण तुमच्या फोनवरचा ‘नॅचरल’ आदर्श २८ वर असेल तर तुलना कशाशी चाललीय हे कळतं.

तपासा : हा आकडा दर आठवड्याला काढू लागलात तर ती नवी तपासणीच झाली. शिवाय घरगुती बॉडी-फॅट काट्यांची चूक मोठी असते. वरच्याच माणसाची चरबी १२ टक्के दाखवली तर उत्तर २३ येतं, १८ दाखवली तर २१.४. आठवडाभरात शरीर एवढं बदलत नाही.

## टप्पा ४ : आरसा कमी करा, झाकू नका

टप्पा २ च्या वहीतून रोजच्या तपासण्यांची सरासरी काढा. समजा ती २४ आहे. पहिल्या आठवड्यात १२, दुसऱ्यात ६, मग ३. एकदम शून्यावर जाऊ नका. घरातले आरसे झाकून टाकणारे बरेच असतात, पण झाकणं म्हणजे टाळणं. कापड निघालं की धास्ती होती तिथेच असते.

प्रत्येक ऊर्मीला एकच उत्तर द्या : दहा मिनिटांनी. घड्याळ लावा आणि हातातलं काम चालू ठेवा. दहा मिनिटांनीही बघावंसं वाटलं तर पुन्हा दहा. ऊर्मी चढते, थोडा वेळ टिकते आणि तपासणी न करताही ओसरते. हा अनुभव वारंवार घेणं हेच या टप्प्याचं काम.

दाढी, केस, कपडे यांसाठी आरसा वापरायचाच, पण पूर्ण कपड्यांत आणि कामापुरता. जिममध्ये नजर फक्त सांध्यांच्या रेषेवर : गुडघा आत जातोय का, पाठ वाकतेय का. ज्या व्यायामात फॉर्म पक्का आहे त्याचे दोन सेट आरशाकडे पाठ करून मारा. शेवटच्या सेटनंतर कपडे बदलताना पोझ मारून बघणं सर्वांत उशिरा सुटतं, म्हणून ते यादीत शेवटी ठेवा.

याबरोबरच आठवड्यातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, आरशाकडे वेगळ्या पद्धतीने पाहा. हातभर किंवा त्याहून दूर उभे राहा, काहीही न आवळता. डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने वर्णन करा, ऐकू येईल असं. ‘खांदा गोल आहे, त्यावर तीळ आहे, दंडावर शीर दिसते’ हे चालतं. ‘खांदा बारका आहे’ चालत नाही. प्रत्येक भागाला सारखाच वेळ द्या. नावडत्या भागावर अडकून राहणं हीच तर जुनी सवय.

घरच्यांसाठी : ‘मी बारीक दिसतोय का?’ याला ‘नाही रे, मस्त दिसतोस’ म्हणणं प्रेमाचं असलं तरी तपासणीत भर घालतं. आधी बोलून एक वाक्य ठरवून घ्या, जसं ‘याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. चहा घेतोस?’ अगोदर न ठरवता असं म्हटलं तर भांडण होईल. ट्रेनरलाही आकाराबद्दल चेष्टा आणि कौतुक, दोन्ही बंद ठेवायला सांगा. ताकद आणि फॉर्मवर बोलायला हरकत नाही.

## टप्पा ५ : लपवाछपवीची शिडी

टाळत असलेले प्रसंग कागदावर लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा द्या. एक नमुना :

- घरात अर्ध्या बाहीचा एकच टी-शर्ट, आत दुसरा नाही : ३०
- अंगाबरोबर बसणारा शर्ट घालून कामावर : ४५
- जिमला न जाता मित्रांना भेटणं : ५५
- आपल्यापेक्षा मोठ्या माणसाशेजारी बसून सेट मारणं : ६५
- पोहायला जाणं, पाण्याबाहेर दहा मिनिटं बसणं : ९०

सुरुवात ३० ते ४० च्या पायरीपासून. तीच पायरी आठवड्यातून तीन-चार वेळा करा आणि भीती निम्म्यावर आली की पुढची घ्या. जाण्याआधी एक ओळ लिहा, काय होईल असं वाटतंय : ‘तिघे तरी माझ्या हातांकडे बघून हसतील.’ आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. ही ओळ टाळू नका. बदल घडतो तो अंदाज आणि अनुभव यांच्यातल्या फरकामुळे. ती नसेल तर ‘आज नशिबाने वाचलो’ एवढंच मनात उरतं.

इथे सर्वांत जास्त गडबड होते ती चोरट्या बचावाची. माणूस पोहायला जातो, पण आधी खोलीत पुशअप्स मारून पंप आणतो. टी-शर्ट घालतो, पण पूर्ण वेळ बगला फाकवून, लॅट्स (पाठीचे रुंद स्नायू) ताणून चालतो. बसल्यावर हाताची घडी अशी घालतो की मुठी दंडाला आतून बाहेर ढकलतील. मग डोकं शिकतं एवढंच, की पंपामुळे निभावलं. प्रत्येक पायरीपुढे ‘काय करणार नाही’ हेही लिहा. आणि भीती ऐन वर असताना तिथून निघू नका. ती थोडी उतरू द्या, मग निघा.

## टप्पा ६ : व्यायाम आणि ताट

आरसा आणि शिडी बऱ्यापैकी जमल्यावरच इकडे या.

आठवड्यात निदान एक पूर्ण सुटीचा दिवस ठरवा आणि तो कॅलेंडरवर लिहा. मग महिन्यातून एकदा ठरलेला वर्कआउट मुद्दाम चुकवा आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करू नका. भरपाई केली की चुकवणं वाया. पंधरा दिवस थांबल्यावर स्नायू सपाट वाटतात ते मुख्यतः ग्लायकोजेन आणि पाणी उतरल्यामुळे, आणि परत सुरू केल्यावर काही दिवसांत ते भरून येतं. दुखापतीत हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा. खांद्याची सूज बरी व्हायला लागणारे तीन आठवडे वाचवण्याच्या नादात सहा महिने घालवलेले लोक प्रत्येक जिममध्ये सापडतात.

प्रोटीन : स्नायूवाढीसाठी शरीराच्या दर किलोला रोज १.६ ग्रॅम बहुतेकांना पुरतं, २.२ ही सढळ मर्यादा. ८० किलोच्या माणसाला १२८ ते १७६ ग्रॅम. त्यापुढे ओतलेलं प्रोटीन भीतीपोटी असतं. दर तीन तासांनी खाल्लं नाही तर स्नायू गळतो, हेही खरं नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची. आठवड्यातून एक जेवण न मोजता, दुसऱ्याने वाढलेलं खा. ते जमलं की दोन, मग चार.

कट (चरबी उतरवण्यासाठी खाणं कमी करणं) करायचाच असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून वेगाने नको. स्टेजवरचं शरीर हे काही दिवसांपुरतं असतं. ते वर्षभर धरून ठेवायला गेलं की शरीर बंद पडू लागतं.

धोक्याच्या खुणा : कामेच्छा मेल्यासारखी होणं, सकाळचं ताठरणं आठवडेच्या आठवडे बंद, सतत थंडी वाजणं, झोप तुटणं, चिडचिड, जिममधले आकडे घसरणं. यातल्या दोन-तीन एकत्र दिसल्या तर कट लगेच थांबवा, खाणं वाढवा आणि डॉक्टरला भेटा.

फोनबद्दल थोडक्यात : जे अकाउंट पाहिल्यावर वहीतला आकडा दोनने वर जातो ते काढा, बाकीचे राहू द्या. जिम-व्हिडिओंवर रेंगाळणं थांबलं की पुढ्यात येणाऱ्या गोष्टी काही दिवसांत बदलू लागतात.

## टप्पा ७ : स्टेरॉइड आणि डॉक्टर

स्टेरॉइडने स्नायू वाढतात, यात वाद नाही. ‘बारका आहे’ ही भावना त्याने जात नाही, आणि सायकल संपून आकार उतरला की ती दामदुप्पट परत येते. म्हणून वाईट दिवशी हा निर्णय घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, आणि भरून यायला महिने, कधी त्याहून बराच जास्त काळ लागतो. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, वाईट वाढतं, रक्त दाट होतं, हृदयाचा स्नायू जाड होऊन कमजोर पडू शकतो. काहींना स्तनाची गाठ येते. तोंडावाटे घेतलेल्या गोळ्या यकृतावर पडतात. जोडीला इन्सुलिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणं तर थेट जीवघेणं ठरू शकतं : पहिल्यात साखर कोसळते, दुसऱ्यात पोटॅशियम बिघडून हृदयाचा ताल जातो.

आधीच घेत असाल तर एकट्याने, मित्राच्या ‘पीसीटी’च्या (सायकलनंतर हार्मोन परत यावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या) गोळ्यांवर विसंबून थांबू नका. थांबल्यानंतरच्या आठवड्यांत हार्मोन तळाला असतं आणि नैराश्य गाठतं. हाच काळ सर्वांत जोखमीचा. एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) काय, किती, कधीपासून हे सगळं खरं सांगा. रक्तदाब, संपूर्ण रक्ततपासणी (रक्त किती दाट ते सांगणाऱ्या हिमॅटोक्रिटसह), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), यकृत, मूत्रपिंड, टेस्टोस्टेरॉन, एलएच व एफएसएच (वृषणांना काम करायला लावणारे हार्मोन) आणि हृदयाची तपासणी एवढं विचारून घ्या. यकृताच्या तपासणीतले एएसटी-एएलटी जड व्यायामानेही वाढतात आणि स्नायू जास्त असतील तर मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिनही थोडं वर दिसू शकतं. म्हणून तपासणीआधी काही दिवस जड वर्कआउट टाळा आणि आपण वजन उचलतो हे डॉक्टरला सांगा.

टप्पा ४ किंवा ५ वर दोनदा अडकलात तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. इथे एक अडचण येते : डॉक्टरला समोर धडधाकट माणूस दिसतो आणि ‘तब्येत छान आहे की’ म्हणून तो विषय संपवतो. म्हणून वही सोबत न्या आणि सरळ सांगा : ‘मी रोज इतके तास शरीर तपासण्यात घालवतो, त्यामुळे माझं हे आणि हे बुडालंय. मला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर आहे का?’ उपचार म्हणजे सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची बोलून केलेली उपचारपद्धती), ज्यात वरच्यासारखंच पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली भीतीला सामोरं जाणं असतं, आणि गरज पडली तर एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही दिली जाणारी औषधं. या विकारात ती नैराश्यातल्यापेक्षा अनेकदा जास्त डोसमध्ये लागतात आणि परिणाम दिसायला बारा आठवडेही जाऊ शकतात. चौथ्या आठवड्यात ‘काही होत नाही’ म्हणून स्वतःच बंद करू नका.

## टप्पा ८ : उलटी घसरण ओळखणं

दर महिन्याला दोन दिवस टप्पा २ ची नोंद पुन्हा ठेवा, एक सुटीचा आणि एक वर्कआउटचा. तपासण्या मागच्या महिन्याच्या दीडपट झाल्या असतील तर टप्पा ४ वर परत या, सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. दुखापत, आजारपण, ब्रेकअप, स्पर्धेनंतरचे दोन महिने आणि कटचा शेवट, या काळात घसरण होते हे धरूनच चाला. स्पर्धा लढणाऱ्याने स्टेजनंतरच्या आठ आठवड्यांची खाण्याची आणि व्यायामाची योजना स्टेजवर चढण्याआधीच लिहून ट्रेनरकडे द्यावी, कारण त्या दिवसांत पाणी आणि चरबी परत येत असताना घेतलेला कुठलाही निर्णय बहुधा कटचाच असतो.